दासांचा दास

अर्ज लिहिण्याची पाळी ज्याच्यावर कधींच आली नाहीं असा सुशिक्षित मनुष्य आपल्याकडे विरळाच. अर्जाचा मजकूर कांहींही असो, त्याच्या अखेरीस ‘आपला आज्ञाधारक सेवक’ असें लिहून खालीं सही करण्याचा प्रघात आम्हांला शाळेंत शिकविण्यांत आला, आणि पुढें अध्यापनाच्या व्यवसायांत आम्हींही तो शेंकडों विद्यार्थ्यांना शिकविला. एकदां मात्र वर्गांतील एका चौकस मुलानें विचारलें, “सर, रजा मागणारा जर सेवक, तर रजा देणारा स्वतःला काय म्हणवून घेतो?” वर्गांत हंशा पिकला आणि आम्हीही त्यांत सामील झालों, परंतु घरीं जातांना तो प्रश्न कांहीं केल्या मनांतून जाईना. कायद्याच्या भाषेंत मोठ्यांतला मोठा सरकारी अधिकारीही ‘लोकसेवक’च असतो. निवडणुकीस उभा राहणारा उमेदवारही स्वतःस जनतेचा सेवक म्हणवितो आणि सेवेची संधि मागतो. म्हणजे खालीं उभा असलेलाही सेवक आणि वर बसलेलाही सेवकच! शब्द जर दोघांचा एकच, तर सेवा खरी कोणाची आणि तोंडदेखली कोणाची, हें ओळखावें कसें?

या प्रश्नाचें उत्तर शब्दकोशांत सांपडत नाहीं. तें इतिहासांत शोधावें लागतें. उच्चासनावर बसून स्वतःस सेवक म्हणविण्याचा अत्यंत प्रसिद्ध दाखला म्हणजे रोमच्या धर्मपीठाचा होय. पोपच्या विशेष गंभीर स्वरूपाच्या आज्ञापत्रांच्या मथळ्यावर त्याच्या नांवामागून ‘सेर्वुस सेर्वोरुम देई’, म्हणजे ‘देवाच्या दासांचा दास’, अशी उपाधि शतकानुशतकें लिहिली जात आली आहे. हे शब्द अगदीं प्रथम कोणी वापरले असें पाहूं गेल्यास आफ्रिकेंतील संत ऑगस्टिननें एका पत्रांत स्वतःस जवळजवळ असेंच म्हटलेलें आढळतें. परंतु रोमच्या धर्मपीठाशीं त्यांची गांठ घालून दिली ती पहिल्या ग्रेगरीनें. इ. स. ५९० पासून ६०४ पर्यंत हा पुरुष रोमचा बिशप होता, आणि इतिहासानें त्याला ‘थोर’ हें विशेषण लावलेलें आहे. ईश्वरविषयक वादांत न शिरतां, केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या नात्यानें, या उपाधीचें आणि ती धारण करणाऱ्या पुरुषाचें चरित्र पाहावें असा प्रस्तुत लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम त्या शब्दाकडे वळूं. ‘दास’ हा शब्द वाचतांना मराठी वाचकाची एक गैरसमजूत होण्याचा संभव आहे. आपल्याकडे संतांनीं या शब्दाला इतकी प्रतिष्ठा दिली कीं, ‘रामदास’ म्हटलें म्हणजे आपले हात आपोआप जोडले जातात, आणि स्वतःस ‘दासानुदास’ म्हणवून घेण्यांत कमीपणा नसून भूषणच आहे असें आपल्याला वाटतें. रोममधील ‘सेर्वुस’ हा शब्द असा पवित्र झालेला नव्हता. सेर्वुस म्हणजे बाजारांत विकत मिळणारा गुलाम. त्याच्या शरीरावर धन्याची मालकी असे, त्याच्या विवाहाला कायद्याची मान्यता नसे, आणि गुलाम स्त्रीच्या पोटीं आलेलें मूल जन्मतःच धन्याची मत्ता होई. पेशवाईच्या दप्तरांत ‘कुणबीण’ हा शब्द ज्या अर्थानें येतो तो ध्यानांत आणला, म्हणजे या लॅटिन शब्दांतील बोंच थोडीबहुत कळेल.

ख्रिस्ती धर्मानें हा शब्द निवडला तो या बोंचेसकटच. येशूनें आपल्या शिष्यांना सांगितलें कीं, जगांतील राजे प्रजेवर अधिकार गाजवितात, पण तुमच्यांत तसें नसावें. ज्याला पहिलें व्हावयाचें असेल त्यानें सर्वांचा दास व्हावें. आणि अटकेपूर्वींच्या शेवटच्या भोजनाच्या रात्रीं तो स्वतः कमरेला वस्त्र बांधून, घंगाळांत पाणी घेऊन शिष्यांचे पाय धुऊं लागला. पाय धुण्याची चाल आपल्याकडेही आहे. परंतु शिष्य गुरूचे, यजमान अतिथीचे आणि सासरा जांवयाचे पाय धुतो, म्हणजे पाणी बहुधा पूज्याच्याच पायांवर पडतें. राजसूय यज्ञांत पाय धुण्याचें काम आपण होऊन पत्करणारा श्रीकृष्ण पुष्कळांना येथें आठवेल. पण त्यानेंही धुतले ते ब्राह्मणांचे, त्या समाजानें पूज्य मानलेल्यांचे. जेरुसलेमच्या त्या माडीवर गुरु वांकला आणि शिष्य बसून राहिले. पीटर नांवाच्या शिष्याला तें सहन होईना व तो नको नको म्हणूं लागला, यांत नवल नाहीं. पाण्याची दिशाच उलटली होती. ही दिशा वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां ग्रेगरीकडे येऊं. त्याचा जन्म इ. स. ५४० च्या सुमारास रोममधील एका पुरातन आणि धनाढ्य घराण्यांत झाला. सीलियन टेकडीवर त्यांचा वाडा होता आणि सिसिली बेटांत त्यांच्या विस्तीर्ण जमिनी होत्या. जगाची राजधानी म्हणून मिरविलेलें रोम तेव्हां अगदीं विपन्नावस्थेस पोंचलें होतें. गॉथ लोक आणि पूर्वेकडील बादशहा यांच्यांत ५३५ पासून जवळजवळ वीस वर्षें युद्ध चाललें. त्यांत हें शहर पुनःपुनः वेढलें गेलें, लुटलें गेलें आणि ओस पडलें. त्यांतून इटली सांवरते न सांवरते तोंच ५६८ मध्यें उत्तरेकडून लाँबर्ड लोकांची धाड आली. बादशहा दूर कॉन्स्टँटिनोपलला आणि त्याचा सुभेदार राव्हेना येथें. रोमला वाली असा उरला नव्हता. अशा काळांत ग्रेगरी वयाच्या तिशींत शहराचा नगराधिपति झाला. परंतु थोड्याच काळानें, ५७४ च्या सुमारास, त्यानें अधिकाराचीं वस्त्रें उतरविलीं, सिसिलींतील जमिनींच्या उत्पन्नांतून तेथें सहा मठ स्थापिले, सीलियन टेकडीवरील बापाच्या वाड्याचाही मठ केला, आणि स्वतः धनी न राहतां त्याच मठांत साधा संन्यासी होऊन राहिला. तीं वर्षें आपल्या आयुष्यांतील सर्वांत सुखाचीं होतीं असें तो पुढें सदैव म्हणत असे.

तें सुख टिकावयाचें नव्हतें. पोपनें त्याला आपला वकील म्हणून कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारीं पाठविलें व तेथें त्याचीं पांचसहा वर्षें गेलीं. परत आल्यावर ५८९ च्या अखेरीस टायबर नदीला महापूर येऊन धान्याचीं कोठारें वाहून गेलीं, आणि पाठोपाठ आलेल्या प्लेगच्या सांथींत ५९० च्या आरंभीं पोप दुसरा पेलाजियस मरण पावला. लोकांनीं एकमुखानें ग्रेगरीचें नांव घेतलें. त्यानें काय करावें? आपल्या निवडणुकीला मान्यता देऊं नये अशी विनंति त्यानें बादशहा मॉरिस यास पत्रानें केली! हें पत्र शहराच्या अधिपतीनें वाटेंतच अडविलें, अशी हकीकत तूर येथील ग्रेगरी या समकालीन इतिहासकारानें दिली आहे. ३ सप्टेंबर ५९० रोजीं त्याला पीठारूढ व्हावें लागलें.

पद नाकारण्याचें नाटक आपल्याला अपरिचित नाहीं. ‘आम्हांला कांहीं नको होतें, पण लोकांचा आग्रहच पडला,’ हें वाक्य सत्कारसमारंभांतून आपण नित्य ऐकतों. ग्रेगरीच्या काळींही तें ऐकूं येत असलें पाहिजे. कारण आपण पळ कां काढला याचा खुलासा म्हणून त्यानें लागलीच जो ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें या नाटकाची चांगलीच झडती घेतली आहे. ‘रेगुला पास्तोरालिस’ म्हणजे धर्मपालाचे नियम, हें त्या ग्रंथाचें नांव. त्यांतील विचार थोडक्यांत असा: अधिकाराची हांव धरणारा तर अपात्र आहेच, परंतु अंगीं पात्रता असून केवळ स्वतःच्या शांततेसाठीं पद टाळणारा मनुष्यही नम्र नव्हे, कारण लोकांच्या उपयोगीं पडण्यापेक्षां त्याला आपली निवांत कोठडी अधिक प्रिय आहे. वर बसण्यांत आनंद न मानतां उपयोगीं पडण्यांत मानावा. चांगलें वागणाऱ्यांशीं बरोबरीच्या नात्यानें राहावें आणि दुर्वर्तनाशीं मात्र कठोर व्हावें. लीनतेचा अतिरेक करून शिस्तीचा लगाम सोडूं नये. हा ग्रंथ पुढें कित्येक शतकें युरोपांतील बिशपांच्या हातीं राहिला, आणि इंग्लंडच्या आल्फ्रेड राजानें नवव्या शतकाच्या अखेरीस त्याचें आपल्या भाषेंत भाषांतर केलें.

परंतु ग्रंथांतील विचार आणि कचेरींतील वर्तन यांत अंतर असूं शकतें, हें आम्हां प्राध्यापकांना कोणी सांगावयास नको. सुदैवानें ग्रेगरीचीं सुमारें साडेआठशें पत्रें उपलब्ध आहेत, आणि त्यांवरून त्याची कचेरी आपल्याला उघडून पाहतां येते. रोमच्या धर्मपीठाच्या जमिनी सिसिली, दक्षिण इटली, सार्डिनिया आदि ठिकाणीं पसरल्या होत्या. सिसिलींतील जमिनींवर पीटर नांवाचा कारभारी नेमलेला होता. त्याला ५९१ सालीं लिहिलेलें एक लांबलचक पत्र आमच्या मतें ग्रेगरीच्या सर्व ग्रंथांहून बोलकें आहे. त्यांत धर्मचर्चा जवळजवळ नाहीं. आहे ती धान्याची, मापांची, वजनांची आणि पट्टीच्या हप्त्यांची.

ज्यांनीं आपल्या खेड्यांतील जुनी सावकारी पाहिली किंवा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे, त्यांना या पत्रांतील प्रत्येक कलम ओळखीचें वाटेल. सुगी चांगली झाली म्हणजे देवस्थानाचे कारकून कुळांकडून बाजारभावापेक्षां कमी दरानें धान्य घेत. ग्रेगरी लिहितो कीं, बाजारांत चालत असेल तोच भाव द्यावा. घेण्याचें माप मोठें करून ठेवण्यांत आलें होतें. त्यानें ठरवून दिलें कीं, मोदियस या मापांत अठरा सेक्स्टारियसहून अधिक धान्य कुळाकडून भरून घेऊं नये. खोटीं वजनें मोडून टाकून नवीं करावीं. कुळाच्या लग्नाच्या वेळीं घ्यावयाची पट्टी एका सुवर्णनाण्याच्या वर जातां कामा नये, आणि गरिबाकडून त्याहूनही कमी घ्यावी. पीक विकून पैसा हातीं येण्यापूर्वींच सरकारी पट्टीचा पहिला हप्ता भरावा लागत असल्यामुळें कुळें व्याजानें कर्ज काढीत. तशा कुळांना देवस्थानाच्या खजिन्यांतून रक्कम द्यावी आणि ती थोडीथोडी करून परत घ्यावी. असल्या हलक्या मिळकतीनें धर्मपीठाची थैली विटाळावी अशी आपली इच्छा नाहीं, असें तो स्पष्ट बजावतो.

हें सर्व दयाळू जमीनदारालाही सुचलें असतें असें कोणी म्हणेल. पण पत्राच्या शेवटीं शेवटीं जी एक आज्ञा आहे, ती दयेच्या पलीकडची आहे. हें पत्र प्रत्येक वाडीवर कुळांना वाचून दाखवावें, म्हणजे जुलूम झाल्यास त्याचा प्रतिकार कसा करावा हें त्यांना समजेल. आणि मूळ लेख किंवा त्याची नक्कल त्यांच्या हातीं द्यावी, असें ग्रेगरी लिहितो. या आज्ञेचा अर्थ नीट पाहा. नियम करणें ही मालकाची मर्जी असते. मर्जी फिरली कीं नियम फिरतो. पण त्याच नियमाची नक्कल जेव्हां कुळाच्या घरीं जाते, तेव्हां मालकाच्या कारभाऱ्याला जाब विचारण्याचें साधन कुळाच्या हातीं येतें. देणाऱ्यानें आपल्या सत्तेचा एक तुकडा तोडून घेणाऱ्याच्या स्वाधीन केलेला असतो. आमच्या समजुतीप्रमाणें ‘दासांचा दास’ या उपाधीचें भाष्य जर कोठें असेल, तर तें या आज्ञेंत आहे.

ग्रेगरीच्या दानधर्माच्या कथा पुष्कळ आहेत. नवव्या शतकांत त्याचें चरित्र लिहिणाऱ्या डीकन जॉननें नमूद केलें आहे कीं, धान्य, वस्त्र वा पैसा मिळणाऱ्यांच्या नांवांची एक मोठी वही ग्रेगरीच्या वेळेपासून लॅटरन वाड्यांत ठेवलेली होती, आणि आजारी व पंगु लोकांकडे रोज शिजविलेलें अन्न पाठविण्यांत येई. एकदां शहराच्या कोपऱ्यांत एक भिकारी मेलेला सांपडला, तेव्हां जणूं आपल्याच हातून त्याचा वध झाला असें मानून ग्रेगरी कित्येक दिवस वेदीपाशीं गेला नाहीं, अशीही आख्यायिका जॉन सांगतो. तो रोज बारा दरिद्री लोकांना पंक्तीस घेत असे आणि एके दिवशीं तेरावा पाहुणा म्हणून देवदूत येऊन बसला, ही कथा तर रोममध्यें अजून सांगतात. सीलियन टेकडीवर तें संगमरवरी मेजही दाखवितात. आख्यायिका म्हणून त्या बाजूस ठेवल्या, तरी त्या वहीच्या बातमींत अर्थ आहे. भूतदयेला हिशेबाच्या वहीची जोड मिळाली म्हणजेच ती रोजच्या रोज आणि सर्वांना पुरते.

हा पुरुष केवळ गंभीर होता असेंही नव्हे. त्याच पीटरला दुसऱ्या एका पत्रांत तो लिहितो कीं, तुम्हीं आम्हांला एक वाईट घोडा आणि पांच चांगलीं गाढवें पाठविलीं. घोड्यावर बसवत नाहीं कारण तो वाईट आहे, आणि गाढवांवर बसवत नाहीं कारण तीं गाढवें आहेत! स्वतःकडे हंसून पाहण्याची ही शक्ति कृत्रिम नम्रतेला नसते.

बरोबरीच्या लोकांशीं त्याचें वर्तन कसें होतें? येथें त्याच्या आयुष्यांतील प्रसिद्ध वाद येतो. कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क जॉन हा मोठा तपस्वी होता. त्याच्या उपवासांवरून त्याला ‘उपवासी’ हें नांवच पडलें होतें. त्यानें ‘सार्वत्रिक’ पॅट्रिआर्क अशी उपाधि धारण केली, तेव्हां ग्रेगरीनें ५९५ मध्यें बादशहाला, बादशहाच्या राणीला आणि खुद्द जॉनला कडक पत्रें लिहिलीं. एक बिशप जर सार्वत्रिक झाला, तर बाकीचे बिशपच राहत नाहींत, असा त्याचा मुद्दा होता. ग्रीक लोकांना त्या शब्दाचा अर्थ इतका व्यापक वाटत नव्हता, आणि ग्रेगरीच्या संतापांत रोमच्या पीठाचा अभिमानही मिसळलेला असावा, हें न्यायबुद्धीनें कबूल केलें पाहिजे. ‘दासांचा दास’ ही उपाधि त्यानें जॉनला टोला म्हणून घेतली असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें असतें; पण पोप होण्यापूर्वींच्या, ५८७ सालच्या एका लेखांतही ती त्याच्या नांवापुढें आढळते, तेव्हां तें खरें दिसत नाहीं. त्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी मात्र ५९८ मध्यें लागली. अलेक्झांड्रियाचा पॅट्रिआर्क युलोजियस यानें मोठ्या आदरानें ग्रेगरीलाच ‘सार्वत्रिक पोप’ म्हणून संबोधिलें, आणि ‘आपण आज्ञा केल्याप्रमाणें’ असे शब्द पत्रांत घातले. जी उपाधि दुसऱ्यानें घेतली म्हणून आपण आकांडतांडव केलें, तीच आपल्या पायांशीं चालत आली, तर कितीजण ती परत पाठवितील? ग्रेगरीनें ती परत पाठविली. ‘आज्ञा’ हा शब्द आपल्या कानांवर येऊं देऊं नये, आपण आज्ञा केली नसून जें हितकर वाटलें तें कळविलें. भावांचा मान कमी होऊन मिळणारा मान आपण मान समजत नाहीं, असें त्यानें उलट उत्तर लिहिलें.

येथपर्यंतचें चित्र उज्ज्वल आहे, आणि लेख येथेंच संपविला असता तर तो सत्पुरुषाचें स्तवन म्हणून खपलाही असता. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तसें करतां येत नाहीं. ६०२ च्या नोव्हेंबरांत फोकास नांवाच्या एका लष्करी अंमलदारानें बंड करून कॉन्स्टँटिनोपलचें सिंहासन बळकाविलें. वृद्ध बादशहा मॉरिसच्या डोळ्यांदेखत त्याचे पांच मुलगे मारण्यांत आले आणि मग त्याचाही शिरच्छेद झाला. मॉरिस आणि ग्रेगरी यांच्यांत पुष्कळ खटके उडाले होते. लाँबर्डांशीं तहाची बोलणीं केल्याबद्दल मॉरिसनें ग्रेगरीला भोळसट ठरविलें होतें. तरी पण त्याच मॉरिसच्या एका मुलाला ग्रेगरीनें धर्मपिता या नात्यानें बाप्तिस्म्याच्या वेळीं हातीं धरलें होतें. आणि त्या ग्रेगरीनें ६०३ मध्यें फोकासला जें अभिनंदनाचें पत्र लिहिलें, त्यांत स्वर्ग आणि पृथ्वी यांना आनंदानें नाचवावयाचेंच काय तें बाकी ठेवलें! त्याच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. रोम निराधार होतें. नव्या बादशहाशीं वितुष्ट परवडणारें नव्हतें. संधिवातानें तो स्वतः अंथरुणाला खिळलेला होता. दरबारी पत्राची भाषा ठराविकच असे. हें सर्व मान्य करूनही तें पत्र वाचतांना मान खालीं जाते.

कां जाते? कारण त्या पत्रांतही नम्रताच आहे. शब्द तेच आहेत, लीनता तीच आहे. फरक केवळ दिशेचा आहे. सिसिलींतील कुळांपुढें जो वांकला तो सेवक झाला. खुनी बादशहापुढें जो वांकला तो आश्रित झाला. वरच्यापुढें वांकण्यास नम्रतेची गरजच नसते, त्याला भीति किंवा गरज पुरेशी होते. मनुष्य एकच, त्याची सहीही एकच. पण पाणी कोणाच्या पायांवर पडलें यावरून एका कृत्याला सेवा म्हणावें लागतें आणि दुसऱ्याला खुशामत.

याहूनही खोल असा एक डाग आहे. ‘दासांचा दास’ ही सही करणाऱ्या पुरुषाच्या पीठाच्या मालकीचे खरेखुरे दास होते. ५९५ मध्यें ग्रेगरीनें मोंताना आणि थॉमस नांवाच्या दोन गुलामांना मुक्त करून रोमचें नागरिकत्व दिलें, आणि त्या मुक्तिपत्रांत म्हटलें कीं, निसर्गानें मनुष्यें मूळचीं स्वतंत्रच जन्मास घातलीं, मानवी कायद्यानें तीं गुलाम केलीं. तेव्हां त्यांचें स्वातंत्र्य त्यांना परत देणें हें उचित आहे. हा विचार त्याच्या सर्व गुलामांना लागू पडत होता. मुक्त झाले मात्र दोघे आणि त्यांच्यासारखे कांहीं थोडे. रोमच्या बाजारांत सोनेरी केंसांचीं इंग्रज मुलें पाहून ग्रेगरीला इंग्लंडांत धर्मोपदेशक पाठविण्याची प्रेरणा झाली, ही बीडनें सांगितलेली कथा आपणांपैकीं पुष्कळांनीं इंग्रजी पुस्तकांत वाचली असेल. ५९५ मध्यें सतराअठरा वर्षांचे इंग्रज मुलगे विकत घेऊन त्यांना मठांत शिक्षण द्यावें, असें त्यानें गॉलमधील आपल्या कारभाऱ्यास लिहिलें, हें तर पत्रावरूनच सिद्ध आहे. मुलांचें कल्याण व्हावें ही त्याची इच्छा खरी होती; पण तो बाजारच बंद व्हावा असें त्याला सुचलें नाहीं. सिसिलीच्या कुळाला त्यानें नियमाची नक्कल दिली. गुलामाला द्यावयाला त्याच्यापाशीं नक्कल नव्हती, कारण गुलामाच्या बाजूचा नियमच त्यानें लिहिला नव्हता.

१२ मार्च ६०४ रोजीं ग्रेगरी वारला. ज्यानें स्वतःस दासांचा दास म्हटलें, त्याच्या समाधिलेखांत त्याला ‘देवाचा कॉन्सल’ म्हटलेलें आहे. प्राचीन रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचें तें नांव होय. त्याच्या उपाधीचें पुढें काय व्हावयाचें होतें याची ही जणूं नांदीच होती. नवव्या शतकापासून ती पोपांच्या पत्रांत नियमानें येऊं लागली आणि बाराव्या शतकापर्यंत केवळ त्यांचीच होऊन बसली. १०७७ च्या जानेवारींत कॅनोसाच्या किल्ल्यासमोर जर्मनीचा राजा चवथा हेन्री याला ज्यानें तीन दिवस अनवाणी तिष्ठत ठेवलें, तो सातवा ग्रेगरीही पत्रांच्या आरंभीं स्वतःस दासांचा दासच म्हणवीत होता.

आणि १४५५ सालीं पांचव्या निकोलसनें पोर्तुगालच्या राजाला जें प्रसिद्ध आज्ञापत्र दिलें, त्याचा इतिहास तर आपल्या दारापर्यंत येऊन पोंचतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील आणि त्यापलीकडील मुलूख जिंकावे, आणि तेथील मूर्तिपूजकांना व मुसलमानांना कायमचे गुलाम करावें, असा अधिकार त्यांत पोर्तुगीजांना दिलेला आहे. त्याच्या मथळ्यावर निकोलसच्या नांवापुढें शब्द आहेत ते हेच: देवाच्या दासांचा दास. दासांच्या दासानें दास करण्याचा परवाना दिला! पंचावन्न वर्षांनीं, १५१० मध्यें, पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. तेथील भर रस्त्यांत गुलामांचा लिलाव चाले, असें सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत राहून गेलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. ग्रेगरीनें जेथें थांबून घेतलें, तेथूनच ही वाट फुटली होती. शब्द नम्र राहिला. वही तपासावयाची राहून गेली.

तथापि या हकीकतीचा शेवट इतका निराशाजनक नाहीं. १५३७ मध्यें तिसऱ्या पॉलनें अमेरिकेंतील मूळ रहिवाशांना गुलाम करूं नये असें जाहीर केलें. ३ डिसेंबर १८३९ रोजीं एका पोपनें गुलामांच्या व्यापाराचा उघड निषेध केला. या पोपनें नांव घेतलें होतें सोळावा ग्रेगरी. आणि पोप होण्यापूर्वीं तो सीलियन टेकडीवरील त्याच मठाचा मुख्य होता, जो पहिल्या ग्रेगरीनें आपल्या बापाचा वाडा देऊन स्थापिला. साडेबाराशें वर्षांपूर्वीं त्या घरच्या धन्यानें जें अर्धें वाक्य लिहून सोडलें होतें, तें त्याच घरांतील एका वारसानें थोडें पुढें नेलें. १४५५ सारख्या आज्ञापत्रांवर उभारलेल्या परमुलूख-हक्काच्या सिद्धान्ताचा रोमनें ३० मार्च २०२३ रोजीं जाहीर इन्कार केला. उशीर फार झाला. पण नम्र शब्द मथळ्यावर शिल्लक असला, म्हणजे त्याच शब्दाची आठवण देऊन धन्याला जाब विचारतां येतो, एवढा त्याचा उपयोग खरा.

ग्रेगरीला स्वतःची उणीव ठाऊक नव्हती असें नाहीं. आपल्या ग्रंथाच्या अखेरीस तो म्हणतो कीं, मीं एका सुंदर पुरुषाचें चित्र काढलें, पण चितारी स्वतः कुरूप आहे. इतरांना किनारा दाखविणारा मी अजून लाटांतच गटांगळ्या खात आहें. हे शब्द त्यानें पीठारूढ झाल्यावर लागलीच लिहिले. पुढील चौदा वर्षांनीं त्यांतील एक शब्दही खोटा ठरविला नाहीं. मात्र त्या चौदा वर्षांत सिसिलीच्या वाड्यांवाड्यांतून एक पत्र वाचलें गेलें, हेंही तितकेंच खरें.

आतां आमच्या त्या विद्यार्थ्याचा प्रश्न उरतो. रजा देणारा स्वतःला काय म्हणवून घेतो? आज तो भेटला तर आम्ही सांगूं कीं, बाबा, तो काय म्हणवून घेतो याची चौकशीच करूं नकोस. रजेच्या नियमांची नक्कल त्यानें मागणाऱ्याच्या हातीं दिली आहे कीं नाहीं, तेवढें पाहा. हें लिहितांना आम्हांला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्ही विभागप्रमुखाच्या खुर्चीवर सात वर्षें होतों. हाताखालच्या मंडळींशीं आम्हीं कधीं उंच स्वरांत बोललों नाहीं, शिपायालाही अहोजाहो केलें, आणि आपण मोठे विनयशील आहों अशी आमची समजूत होती. परंतु त्या सात वर्षांत नियमांचें पुस्तक आमच्या मेजाच्या खणांत होतें, आणि खणाची किल्ली आमच्या खिशांत होती.